पेठेतली कात्री आणि कारखान्यातली कात्री

रिकामी कात्री चालवू नये, घरात भांडणे होतात, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे मुलांना सांगत आली आहेत. भांडणांचे काय व्हावयाचे ते होवो. पण या समजुतीच्या मुळाशी थोडे शहाणपण आहे आणि ते कात्रीच्या रचनेत दडलेले आहे. कात्रीची पाती दिसावयास सरळ दिसतात, परंतु ती सरळ नसतात. चांगली कात्री मिटून उजेडासमोर धरली, तर खिळा आणि टोक यांच्यामध्ये दोन पात्यांतून उजेडाची एक बारीक रेघ दिसते. प्रत्येक पाते किंचित बाकदार घडविलेले असते. त्यामुळे ती दोन पाती एकमेकांना एका वेळी एकाच बिंदूत भिडतात, आणि मूठ जसजशी मिटत जाते तसतसा तो बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. कापड कापले जाते ते या सरकत्या बिंदूवर. मध्ये काहीच नसताना कात्री चालविली तर पोलादावर पोलाद घासते आणि धार व्यर्थ झिजते. भांडण होते ते बहुधा त्या झिजलेल्या धारेवरून.

माणसाने ही वस्तू फार प्राचीन काळी घडविली, पण आज आपल्याला परिचित असलेल्या रूपात नव्हे. पहिल्या कात्रीला खिळा नव्हता. धातूची एकच पट्टी मध्ये चिमट्यासारखी वाकवून तिच्या दोन टोकांना पाती काढलेली असत. मुठीत दाबली की पाती एकमेकांवरून सरकत आणि हात सैल सोडला की पट्टीच्या ताणाने आपोआप उघडत. पश्चिम आशियात आणि इजिप्तमध्ये तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी अशा चिमटाकात्र्या वापरात होत्या. दोन स्वतंत्र पाती मधोमध खिळ्याने जोडण्याची युक्ती रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास अंगीकारली. तरीही जुनी चिमटाकात्री नाहीशी झाली नाही. मेंढ्यांची लोकर कातरण्यासाठी ती युरोपात कित्येक शतके टिकून राहिली, आणि आजही एका अगदी वेगळ्या ठिकाणी ती लाखो वेळा मिटते आणि उघडते. त्या ठिकाणाकडे पुढे वळावयाचेच आहे.

शब्दाचा प्रवासही वस्तूच्या प्रवासाइतकाच मनोरंजक आहे. कृत् म्हणजे कापणे या धातूपासून संस्कृतात कर्तरी झाली. मराठीत तिची कात्री आणि कातर झाली, कन्नडमध्ये कत्तरि झाली. नर्तकी तर्जनी आणि मधले बोट फाकवून जी मुद्रा करते ती कर्तरीमुख. कुंडलीतील एखादे स्थान दोन्ही बाजूंनी पापग्रहांनी धरले तर ज्योतिषी त्याला पापकर्तरी म्हणतो. ज्योतिष न जाणणारा मराठी माणूस आपण कात्रीत सापडलो असे म्हणतो, आणि दोघांच्या डोळ्यांपुढे चित्र एकच असते. या कुळातला सर्वांत गमतीचा शब्द मात्र आपल्या पानाच्या डब्यात आहे. कन्नडमध्ये अडके म्हणजे सुपारी, आणि ती कातरावयाचे साधन म्हणजे अडकत्तरि. आपला अडकित्ता हा त्याच घरचा. मराठी माणूस जेवणानंतर सुपारी कातरतो तेव्हा हातात कन्नड शब्द घेऊन कातरतो.

याची परतफेड म्हणावी अशी एक गोष्ट बंगळूरच्या जुन्या पेठेत आहे. तेथे मराठी बोलणाऱ्या घराण्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या कात्री आहे. बंगळूरशी मराठ्यांचा संबंध १६३८ पासूनचा. त्या वर्षी विजापूरच्या सैन्याने केंपेगौडांच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६८७ मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने ते मोगलांकडून तीन लाख रुपयांना विकत घेतले. या शहरातले सगळेच मराठी लोक शहाजीराजांबरोबर आले असे समजण्याचे मात्र कारण नाही. कोणी सैन्याबरोबर आले, कोणी व्यापाराबरोबर, आणि पुष्कळसे केवळ पोटापाठी. नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय हे दोन समाज या स्थलांतरितांत ठळकपणे दिसतात. भावसारांचा मूळ व्यवसाय कापड रंगविण्याचा आणि छापण्याचा. शिवणकामाकडे त्यांच्यापैकी अनेक घरे नंतर वळली. शिंपी तर नावानेच शिंपी. कन्नडमध्येही शिंप्याला सिंपिग म्हणतात, त्यामुळे सीमा ओलांडताना या मंडळींना आपल्या धंद्याचे नाव फारसे बदलावे लागले नाही. घरातली त्यांची मराठी आज कन्नडच्या वळणावर गेली आहे. तिच्यात क्रियापदे कन्नड हेल काढून येतात. परंतु आषाढी एकादशीला पेठेतल्या विठ्ठलमंदिरात जी माणसे जमतात, त्यांत या घरांची संख्या लक्षात येण्याजोगी असते.

ते स्वाभाविकही आहे. संत नामदेव हे त्यांच्याच जातीचे. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांपैकी एका पदात शिंप्याचा गज, कात्री, सुई आणि दोरा ही सारी सामग्री हरिनामाच्या कामी लावलेली आहे. ज्या धंद्याची उपकरणे पंजाबात पूजनीय ग्रंथात जाऊन बसली, त्या धंद्याला हलका समजण्याचा प्रघात आपल्याकडे कसा पडला, याचे नवल वाटते. सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. शिंप्यावर तिचा रोख आहे तो कापड उरवून ठेवण्याच्या संशयावरून. त्याच म्हणीत शिंप्याच्या शेजारी दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्यालाही बसविले आहे, हे कचेरीतल्या लोकांनी विसरू नये.

शिंप्याची कात्री घरातल्या कात्रीहून वेगळी असते. ती दहा-बारा इंच लांब आणि वजनदार असते. तिच्या मुठीची दोन कडी सारखी नसतात. एकात अंगठा जातो, दुसऱ्यात तीन-चार बोटे एकदम मावतात. मूठ पात्याच्या रेषेहून वर वाकविलेली असते, आणि सारी खुबी त्या वाकात आहे. त्यामुळे खालचे पाते मेजावर सपाट टेकून राहते आणि कापड उचलले जात नाही. कापड हलले की खडूची रेघ हलते, आणि रेघ हलली की खांदा बिघडतो. या कात्रीने घरातल्या कोणी कागद कापलेला शिंप्याला खपत नाही. कागदात खडू आणि चिकणमातीची भर घातलेली असते, तिने धार लवकर मरते. म्हणून ही कात्री तो दुकानात सहसा कोणाच्या हाती देत नाही. उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली कात्री डावखुऱ्याच्या हाती तर निरुपयोगीच ठरते. उजव्या हाताची मूठ मिटताना पाती एकमेकांवर दाबली जातात, तीच डाव्या हातात एकमेकांपासून फाकतात आणि कापड मधल्यामध्ये दुमडते; शिवाय वरचे पाते रेघ झाकून टाकते. डावखुऱ्या मुलाला वेंधळा ठरविण्यापूर्वी त्याच्या हातातली कात्री कोणाच्या हातासाठी केलेली आहे हे शाळांनी पाहिलेले बरे.

कात्री चालविण्याच्या आधीचा क्षण हाच शिंपीकामाचा खरा कस. शिवण चुकली तर उसवता येते, टाका पुन्हा घालता येतो; कातरलेले कापड मात्र पुन्हा सलग होत नाही. म्हणून मोठ्या दुकानांत माप घेणारा, बेतणारा आणि शिवणारा यांत बेतणाऱ्याचा मान वरचा. कापड आडवे की उभे, ताणते कोणत्या दिशेने, धुतल्यावर आटणार किती, पट्ट्यापट्ट्यांचे असेल तर पट्टी खिशावर जुळणार कशी, हे सगळे त्याने कात्री उचलण्यापूर्वी ठरविलेले असते. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड तो ठेवतो त्याला मराठीत माया म्हणतात. मूल वाढेल, माणूस सुटेल, ब्लाउज पुढच्या वर्षी घट्ट होईल, या सगळ्याची तरतूद त्या बोटभर मायेत असते. या कामाला याहून नेमका शब्द कोणत्या भाषेत असेल असे वाटत नाही.

१८०९ मध्ये पेठेच्या ईशान्येला इंग्रजांची लष्करी छावणी वसली आणि बंगळूरच्या कात्रीला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. पेठेत बाराबंदी, अंगरखा, परकर-पोलके होते. छावणीत कोट, पाटलोण आणि फ्रॉक यांची मागणी होती. आजही चिकपेटेत कापड घ्यावे आणि शिवाजीनगर किंवा कमर्शियल स्ट्रीटच्या बाजूला शिवून घ्यावे, अशी वाटणी पुष्कळ कुटुंबांच्या डोक्यात असते. पुरुषांचे कपडे आता बहुतेक तयारच विकत घेतले जातात. शिंप्याला तगवून धरले आहे ते स्त्रियांच्या ब्लाउजने. वरमहालक्ष्मी आणि गौरीगणपती जवळ आले की पेठेतल्या चार हात रुंदीच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो.

मग येते आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुजतात. पण बंगळूरमध्ये हा दिवस ज्या थाटात होतो त्याची महाराष्ट्रातल्या माणसाला सहज कल्पना येणार नाही. बस, रिक्षा, लेथयंत्र, छापखाना, संगणक, सगळ्यांना झेंडूच्या माळा चढतात. हळदीकुंकवाने माखलेला कोहळा रस्त्यावर फोडतात. त्या दिवशी शिंप्याची कात्री धुऊनपुसून, गंधफूल लावून, यंत्राशेजारी पाटावर ठेवलेली असते आणि तिने काही कापावयाचे नसते. तिला वर्षात मिळणारी ही बहुधा एकुलती एक सुट्टी.

पूजेच्या आधी तिला धार लावून घ्यावी लागते. सायकलीच्या मागच्या चाकाला जोडलेल्या दगडावर धार लावून देणारा माणूस अजून अधूनमधून गल्लीत दिसतो. मराठीतली सहाण आणि कन्नडमधली साणे यांचे मूळ एकच. हा मनुष्य पाते दगडावर धरतो तेव्हा त्याचे लक्ष ठिणग्यांकडे नसून कोनाकडे असते. चाकूची धार दोन्ही बाजूंनी काढतात, कात्रीची एकाच बाजूने. पात्याची आतली बाजू चुकूनही दगडाला लागता कामा नये, नाहीतर तो जो बाक सुरुवातीला सांगितला तो जातो आणि कात्री कापड चावू लागते. शेवटी तो खिळ्यावर हलका हातोडा मारतो, एक ओली चिंधी टोकाशी कातरून पाहतो, आणि मगच पैसे मागतो.

ही कात्री बनते कोठे? भारतात तिचे प्रसिद्ध ठिकाण उत्तर प्रदेशातले मेरठ. तेथील कारागीर मोटारींच्या जुन्या पोलादी भागांसारख्या भंगारातून पाती घडवितात, आणि त्या कात्रीविषयी तिकडे म्हण आहे की आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी. मेरठच्या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे प्रमाणपत्र मिळाले. इंग्रजी अमदानीत मात्र चांगली कात्री म्हणजे शेफील्डची असे समीकरण होते. शेफील्डमध्ये १७६१ च्या सुमारास रॉबर्ट हिंचलिफ याने मुशीत वितळविलेल्या पोलादाच्या कात्र्या करावयास आरंभ केला. यात एक विलक्षण विसंगती आहे. मुशीत पोलाद करण्याची विद्या दक्षिण भारतात त्याच्या कितीतरी शतके आधी अवगत होती. १८००–०१ मध्ये म्हैसूर राज्यातून प्रवास करणाऱ्या फ्रान्सिस बुकाननने तेथील पोलादाच्या भट्ट्या चालू असलेल्या पाहिल्या आणि त्यांचे तपशीलवार वर्णन १८०७ मध्ये छापले. ज्या मुलखात ते पोलाद होत होते, त्याच मुलखातला छावणीतला शिंपी पुढे विलायती कात्रीला पैसे मोजू लागला.

बंगळूरमधल्या सगळ्या कात्र्या कापडासाठीच नाहीत. लालबागेत माळ्याच्या हाती लांब दांड्यांची कुंपणकात्री असते. हैदरअलीने १७६० मध्ये आरंभ केलेल्या या बागेला आजचे रूप देण्यात १९०८ मध्ये आलेल्या क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाचा मोठा वाटा आहे, आणि झाडांना आकार देऊन कातरण्याची हौस तेथे अजून दिसते. ती हौस सर्वांना रुचेल असे नाही. झाडाचा हत्ती केलेला पाहून काहींना झाडाची कीव येते.

खरे कौशल्य शहराबाहेरच्या द्राक्षमळ्यांत. बंगळूर ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार या भागांत बेंगलोर ब्ल्यू नावाची काळीनिळी, वासाची द्राक्षे होतात. तिथला वेल मांडवावर चढवितात आणि वर्षातून दोन बहार घेतात. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे ऐकून आश्चर्य वाटेल, कारण त्याच्याकडे छाटण्या दोन असल्या तरी पीक एकच. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. दोन्हीकडे हाती असते ती छाटणीची कात्री: एक पाते धारदार, दुसरे आकड्यासारखे बाकदार आणि जाड, मुठीत उघडणारी कमान. डोळ्याच्या किती वर कापावयाचे, किती डोळे ठेवावयाचे, यावर वर्षाचे उत्पन्न ठरते. पुढे घडातले मणी विरळ करावयाचे तेव्हा बोटभर पात्याची निमुळती कात्री हाती येते, आणि तेथे बहुधा स्त्रियांचे हात असतात. कोवळ्या मण्यांना टोक लागू न देता मधलेच मणी वेचून कापणे हे भरतकामाइतकेच नाजूक काम आहे.

विमानाचा पत्रा कापणारी कात्रीही याच शहरात सापडते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. विमानाच्या पत्रेकामात जी हातकात्री वापरतात तिला दुहेरी तरफ असते, म्हणजे हाताचा जोर दोनदा वाढतो. तिची मूठ रंगाने ओळखतात: पिवळी सरळ कापते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. पत्रेवाल्याच्या कात्रीला मूठ लांब आणि पाते आखूड. कागदाच्या कात्रीला नेमके उलट. जोर हवा की वेग हवा, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर तिच्या आकारात वाचता येते.

शस्त्रवैद्याला जोर नको असतो आणि वेगही नको असतो. सुश्रुतसंहितेत २० शस्त्रे सांगितली आहेत. त्यांतले शरारीमुख हे एका पक्ष्याच्या चोचीवरून नाव पडलेले शस्त्र म्हणजे कात्रीच, असे टीकाकार सांगतो. आधुनिक शस्त्रक्रियागृहात कात्र्यांचे एक अख्खे ताट असते. मलमपट्टी कापावयाच्या कात्रीच्या खालच्या टोकाला चपटी गाठ असते, ती कातडीला न टोचता पट्टीखाली सरकते. नाजूक पडदे सोडविण्याची मेट्झेनबॉम कात्री लांब मुठीची आणि आखूड पात्याची. टाके कापणाऱ्या कात्रीने ते पडदे कापले तर ज्येष्ठ परिचारिकेचे बोलणे खावे लागते. आणि या ताटातली सर्वांत साधी कात्री नाळेची. तिचे सगळे महत्त्व धारेत नसून स्वच्छतेत आहे. गंजलेल्या वा मातीच्या हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होऊन आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या नवजात मुले दगावली. गर्भवतीला लस आणि प्रसूतीच्या वेळी स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, एवढ्यानेच ते थांबले, आणि माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले.

नभोवाणीच्या घरातही कात्री होती. भाषणे फितीवर मुद्रित होत, तेव्हा वक्त्याचे खोकणे आणि अडखळणे तिरका छेद देऊन कापून काढीत. त्या कामाला लोहचुंबकत्व न धरणाऱ्या धातूची कात्री किंवा पाते लागे, कारण चुंबकत्व आलेले पाते फितीवर टिचकीसारखा आवाज सोडून जाई. सरकारी कचेऱ्यांतल्या कात्रीविषयी फार बोलण्यासारखे नाही. ती वर्तमानपत्रांची कात्रणे काढते, अंदाजपत्रकाला लागते असे म्हणतात, आणि उद्‌घाटनाच्या ताटात मखमलीवर बसते. ताटातली ती कात्री सर्वांत चकचकीत असते आणि अनेकदा सर्वांत बोथट. फीत एका झटक्यात न तुटल्याने किती पाहुणे कानकोंडे झाले असतील!

आता त्या ठिकाणाकडे वळू, जेथे सर्वांत जुनी कात्री अजून चालते. १९७० नंतरच्या दशकांत बंगळूर हे परदेशी जाणाऱ्या तयार कपड्यांचे एक मोठे केंद्र झाले. पीण्या, म्हैसूर रस्ता, होसूर रस्ता, बोम्मनहळ्ळी या भागांतल्या कारखान्यांत काही लाख माणसे काम करतात आणि त्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. जगातल्या कापडव्यापाराला बांधून ठेवणारी कोटापद्धती १ जानेवारी २००५ रोजी संपली आणि स्पर्धा आणखी वाढली. पेठेतल्या शिंप्याने जे काम एकट्याने केले असते, ते येथे अनेक हातांत वाटलेले आहे. एकीने केवळ कॉलर जोडावयाची, दुसरीने बाही, तिसरीने खिसा. बेतण्याचे काम निराळ्या दालनात. तेथे कापडाचे थरावर थर अंथरून त्यावर कागदी नकाशा ठेवतात आणि विजेवर चालणाऱ्या उभ्या पात्याच्या यंत्राने सगळे थर एकदम कापतात. यंत्र चालविणाऱ्याच्या डाव्या हातात पोलादी कड्यांच्या जाळीचा हातमोजा असतो. हे काम बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे आहे. अलीकडे संगणकाने चालणारी पातीही आली आहेत. बेतणाऱ्याचे ते सारे शहाणपण, पट्टी जुळविणे आणि माया ठेवणे, आता पडद्यावरच्या आकृतीत भरून ठेवलेले असते. माया मोजूनमापून ठेवलेली, आणि ती बहुधा कमीच. कापडाचा खर्च वाचवावयाचा असतो.

या सगळ्याच्या शेवटी एक लांब मेज असते. शिवून झालेल्या प्रत्येक कपड्याला प्रत्येक शिवणीच्या आरंभी आणि अखेरीस दोऱ्याचे शेपूट राहते. परदेशी दुकानदार असे शेपूट राहिलेला कपडा परत करतो. म्हणून या मेजापाशी मदतनीस म्हणून घेतलेल्या स्त्रिया उभ्या राहून कपडा उलटसुलट करतात आणि एकेक दोरा कापतात. त्यांच्या हातात जी असते तिला खिळा नाही, कडी नाहीत. वाकविलेली एक पट्टी, दोन टोकांना दोन आखूड पाती, तळहातात मावणारी. तीन हजार वर्षांपूर्वीची चिमटाकात्री ती हीच. कारखान्यात तिला कटर म्हणतात. कपडे तासातासाला मोजले जातात. मूठ किती वेळा मिटली ते कोणी मोजीत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते ते संध्याकाळी घरी भाकरी थापताना कळते. मजुरीच्या श्रेणीत या कामाचे स्थान अगदी खालच्या पायऱ्यांपैकी एकावर आहे.

आणि ही कात्री बांधलेली असते. पुष्कळ कारखान्यांत प्रत्येक कात्री वा कटर क्रमांक घालून, दोरीने मेजाला वा यंत्राला अडकवितात. सकाळी देताना नोंद, संध्याकाळी घेताना नोंद. टोक मोडले तर तुकडा सापडेपर्यंत आसपासचे काम थांबविण्याचा नियम असतो. हा नियम अन्यायाचा म्हणता येणार नाही. पोलादाचा एक कण लहान मुलाच्या कपड्यात जाऊन दूरदेशी त्याच्या अंगाला टोचला तर दोष कोणाचा? मूल कोणाचेही असो, त्याला जपलेच पाहिजे. परंतु पेठेतल्या शिंप्याने आपली कात्री दुसऱ्याच्या हाती न देणे आणि कारखान्यातल्या बाईला तिच्या हातातली कात्री दोरीएवढ्याच अंतरापर्यंत नेता येणे, यांत जो फरक आहे तो केवळ सुरक्षिततेचा नाही. शिंप्याला आपल्या कामाचा आरंभ आणि शेवट दिसतो. या बाईला फक्त दोऱ्याचे शेपूट दिसते. शिंप्याकडे कौशल्य साठत जाते. तिच्याकडे साठावयाचा तो भविष्यनिर्वाह निधी.

म्हणूनच २०१६ मध्ये जे घडले ते शहराला अनपेक्षित असले तरी अकारण नव्हते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नियम बदलला: नोकरी सुटली तर कामगाराने भरलेला हिस्सा काढता येईल, मालकाने भरलेला हिस्सा मात्र वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत मिळणार नाही. दिल्लीतल्या कचेरीत हा नियम दूरदृष्टीचा वाटला असेल; म्हातारपणासाठी पैसा राखून ठेवावा यात वाईट काय? पण या कारखान्यांत पन्नाशी ओलांडलेली कामगार क्वचितच आढळते. बाळंतपण, आजार, मुलांच्या शाळा, नजर कमी होणे, यांमुळे नोकरी मध्येच सुटते, आणि सुटते तेव्हा हाती येणारी एकरकमी अशी ती एवढीच रक्कम असते. १८ आणि १९ एप्रिलला हजारो स्त्रिया काम सोडून रस्त्यावर आल्या. बोम्मनहळ्ळीपाशी होसूर रस्ता अडला, शहराची एक बाजू ठप्प झाली. कोणा मोठ्या पुढाऱ्याने त्यांना बोलाविले नव्हते. दगडफेक झाली, वाहने जळली, लाठ्या चालल्या. त्यातले काहीच समर्थनीय नाही. पण १९ तारखेच्या संध्याकाळपर्यंत केंद्र सरकारने तो नियम मागे घेतल्याचे जाहीर केले. ज्यांची नावे हजेरीपटाबाहेर कोणाला ठाऊक नव्हती, त्यांच्या दोन दिवसांनी देशभरातल्या कामगारांचा नियम बदलला.

निधीच्या या रकमेचे पुढे काय होते? कर्ज फिटते, लग्न होते, घराचे छप्पर होते. काही स्त्रिया शिवणयंत्र घेतात आणि दारावर पाटी लावतात. त्यांना कॉलर शिवता येते किंवा बाही, पण अख्खा ब्लाउज बेतणे पुष्कळींना नव्याने शिकावे लागते, कारण कारखान्याने ते कधी शिकविलेले नसते. शेजारपाजारच्या जुन्या साडीवर हात बसवावा लागतो. यंत्राबरोबर कात्रीही घ्यावी लागते: दहा इंची, जड, खालचे पाते मेजावर सपाट टेकणारी. मेज नसेल तर जमिनीवर सतरंजी अंथरून त्यावर कापड पसरतात, खडूने रेघ मारतात, आणि ब्लाउजला बोटभर माया ठेवून कातरावयास सुरुवात करतात.